जोडीच्या शाळेत तीन दिवस: काय पाहिलं, काय आणलं आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

गेल्या महिन्यात आम्ही चौघी आमच्या जोडीच्या शाळेत तीन दिवस राहून आलो. मी मुख्याध्यापिका, गणिताच्या दोघी आणि भाषेच्या एक बाई. दोन्ही शाळांनी दोन वर्षं एकमेकींना साथ द्यायची असं ठरलं आहे, त्यातली ही पहिली भेट. आणखी काही शाळा अशी जोडी जमवण्याच्या विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी एक जुनी चूक सांगते. काही वर्षांपूर्वी मी एका नावाजलेल्या शाळेला एका दिवसासाठी भेट दिली होती. स्वागत झालं, सादरीकरण झालं, निवडक वर्ग दाखवले गेले. मी भारावून परतले आणि त्यांचं वेळापत्रक जसंच्या तसं आमच्याकडे लावलं. दोन महिन्यांत ते कोलमडलं, कारण त्यामागची शिक्षकांची रोजची चर्चा मी पाहिलीच नव्हती. शिवाय मी एकटीच गेले होते. जे वर्गात राबवायचं, ते वर्ग घेणाऱ्यांनी पाहिलेलंच नव्हतं.

या वेळी जाण्याआधी तीन आठवडे आम्ही एकच प्रश्न पक्का केला: पाचवीची मुलं अपूर्णांकांची गणितं सोडवतात, पण अर्थ विचारला की का अडखळतात? हा प्रश्न मी नाही, गणिताच्या बाईंनी लिहून पाठवला. भेटीचा कार्यक्रमही त्यांनी आणि तिथल्या गणिताच्या बाईंनी फोनवर ठरवला. तुम्ही जाणार असाल तर प्रश्न एकच न्या. पाच प्रश्न घेऊन गेलात तर पाचांचीही वरवरची उत्तरं मिळतील.

पहिल्या दिवशीचा तास माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. बाईंनी विचारलं, एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? निम्म्याहून जास्त हात चतुर्थांशासाठी वर गेले, कारण चार तीनापेक्षा मोठे. बाईंनी दोन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली, शेजारी हातांची संख्या लिहिली आणि खडू खाली ठेवला. मग सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या वाटल्या. एका मुलाने घड्या घालून तीन भाग केले, पण ते लहानमोठे झाले. बाई त्याच्याजवळ वाकून एवढंच म्हणाल्या, "हे तिन्ही भाग सारखे आहेत का?" त्याने पट्टी उलगडली, पुन्हा दुमडली, पुन्हा उलगडली. जवळजवळ सात मिनिटं वर्गात फक्त कागदाचा आवाज होता. तास संपेपर्यंत चुकीचं उत्तर फळ्यावरून पुसलं गेलं नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "हे उत्तर बरोबर का वाटलं असेल?" आणि ज्यांनी ते दिलं होतं तीच मुलं समजावून सांगू लागली. संध्याकाळी आमच्या बाई म्हणाल्या, "मी दुसऱ्याच मिनिटाला उत्तर सांगून मोकळी झाले असते."

वर्गात बसताना वहीत शिक्षकाबद्दल एक ओळही लिहायची नाही, असं आम्ही ठरवलं होतं. मुलं काय बोलली, काय केलं, कुठे थांबली, एवढंच लिहायचं. जपानमधले शिक्षक मिळून पाठाचा अभ्यास करतात, त्या 'जुग्यो केंक्यू' पद्धतीत निरीक्षणाचा रोख असाच मुलांच्या विचारांवर असतो. त्यामुळे नंतरच्या चर्चेत कुणाला बचाव करावा लागत नाही. आमच्या नोंदी दोन शाळांबाहेर जाणार नाहीत आणि कुणाच्या मूल्यमापनात वापरल्या जाणार नाहीत, हेही लेखी ठरलं होतं. हे आधी ठरवल्याशिवाय जाऊच नका.

तासानंतरची बैठक तिथल्या गणिताच्या बाईंनी चालवली. मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसून टिपणं घेत होते. दुसऱ्या दिवसाचा एक तास बदलावा असं त्यांना वाटलं, तेव्हा त्यांनी बाईंना विचारलं. बाई नाही म्हणाल्या आणि तास तसाच राहिला. आपण कामं वाटून देतो आणि त्याला नेतृत्व वाटणं म्हणतो. तिथे बाईंकडे निर्णय होता: विषयाचे बदली तास कुणी घ्यायचे, साहित्यावरचा खर्च, नवीन शिक्षकाला कुणाच्या वर्गात बसवायचं. मला हे पचायला एक रात्र लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांचा अडचणीत असलेला वर्ग दाखवा म्हटलं. क्षणभर शांतता झाली, मग सातवीचा वाचनाचा तास दाखवला. तिथे आमच्या भाषेच्या बाईंकडे देण्यासारखं होतं. मुलांच्या जोड्या लावून एकाने वाचायचं, दुसऱ्याने अडलेला शब्द टिपायचा, हे त्यांनी त्याच वर्गात करून दाखवलं. त्या तासानंतर पाहुणे आणि यजमान हा फरक उरला नाही.

लंडनमध्ये 2003 ते 2011 या काळात 'लंडन चॅलेंज' नावाचा कार्यक्रम चालला. टिम ब्रिगहाउस त्याच्या प्रमुख मार्गदर्शकांपैकी होते. चांगल्या शाळांचे अनुभवी मुख्याध्यापक आणि शिक्षक अडचणीतल्या शाळांसोबत काम करत. सारख्या परिस्थितीतल्या मुलांच्या शाळांचे गट करून निकालांची तुलना होई, म्हणजे 'त्यांची मुलंच वेगळी' ही सबब उरत नसे. लंडनच्या शाळा सुधारण्याचं श्रेय यातल्या नेमक्या कशाला द्यायचं, यावर संशोधकांचे मतभेद आहेत. पण मदत देणाऱ्या शाळांनाही फायदा झाल्याचं तिथल्या शाळा तपासणाऱ्या 'ऑफस्टेड'च्या 2010 च्या अहवालात नोंदलं आहे, आणि सातवीच्या त्या तासानंतर मला त्यात नवल वाटत नाही. म्हणूनच जोडी निवडताना सगळ्यात नाव असलेली शाळा शोधू नका. तुमच्यासारखी मुलं असलेली आणि एका बाबतीत तुमच्यापुढे असलेली शाळा शोधा.

व्यवस्थेचं थोडं. किमान दोन पूर्ण दिवस हवेत, पहिला दिवस सगळेच अवघडलेले असतात. सगळ्यात अवघड काम आपल्या शाळेतले तास भरण्याचं. आम्ही ते महिनाभर आधी लावले, तरी एका वर्गाचा एक तास मोकळा गेला. करार एक पान पुरे: कोणता विषय, किती काळ, निर्णय कुणाचा, कधी थांबायचं. परतल्यावर दोन आठवड्यांच्या आत एक गोष्ट वर्गात करून पाहायची आणि ती कशी झाली ते जोडीदाराला कळवायचं. त्यासाठी तारीख निघण्याआधीच ठरवा, परतल्यावर कामाच्या रेट्यात ती ठरत नाही.

आम्ही पट्ट्यांचा तास अकराव्या दिवशी घेतला. पहिल्या वर्गात फसला, कारण पट्ट्या सारख्या कापल्या गेल्या नव्हत्या. दुसऱ्यात जमला.

पुढच्या महिन्यात त्यांचा गट आमच्याकडे येतो आहे. त्यांचा प्रश्न वाचनाचा आहे. वेळापत्रक आमच्या भाषेच्या बाई लावत आहेत. त्या दिवशी मी कुणाचे तास घ्यायचे, हे त्यांनी मला काल लिहून दिलं: सहावीचे दोन आणि आठवीचा एक.