तुम्ही विचारलंत म्हणून: क्वांटमला जुनी शिस्त चालते का?

सांगलीत विश्रामबागेत चहाला भेटणाऱ्या इंजिनिअरिंगच्या पोरांचा हा ठरलेला प्रश्न: "दादा, क्वांटम कम्प्युटिंगमध्ये जायचं तर टेस्टिंग, गिट, छोटी फंक्शन्स ही प्रोग्रामिंगची सगळी शिस्त विसरायची का?"

अजिबात नाही. (सगळंच नवं आहे असं सांगून महागडे कोर्स विकणाऱ्यांचं सोडा.) एक सवय मात्र मोडावी लागते. अडलं की कोडच्या मध्येच प्रिंट टाकून आतली किंमत बघायची.

हरिपूरकडच्या हळदीच्या पेवांबद्दल (साठवणीच्या जमिनीखालच्या खड्ड्यांबद्दल) घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं असेल. पेवाचं तोंड लिंपलं की आतली हळद हवेपासून सुरक्षित. पण आत काय चाललंय बघायला उघडलंत, की ते बंद पेव राहिलं नाही. क्युबिटचं, म्हणजे क्वांटम कम्प्युटरमधल्या बिटचं, त्याहून अवघड. मोजला की सुपरपोझिशन (० आणि १ची मिश्र अवस्था) संपली, हातात नुसता ० किंवा १. आधी एक कॉपी काढून ठेवू म्हणाल, तर अनोळखी अवस्थेची हुबेहूब कॉपी निघतच नाही, हे १९८२ सालीच सिद्ध झालंय.

मग टेस्टमध्ये तपासायचं काय? वाटणी. दोन क्युबिट घ्या, पहिल्यावर हॅडमार्ड (०ला सुपरपोझिशनमध्ये नेणारं गेट, म्हणजे क्युबिटवरची एक क्रिया), मग सीनॉट (पहिला १ असेल तरच दुसरा उलटवणारं गेट). हजार वेळा चालवलं की ‘००’ आणि ‘११’ साधारण निम्मे-निम्मे येतात. बरोबर पाचशेच हवेत असा हट्ट धरलात तर टेस्ट रोज उगाच लाल, म्हणजे नापास होणार. साडेचारशे ते साडेपाचशे आले की पुढे चला. खऱ्या मशीनवर नॉइजमुळे (हार्डवेअरच्या बारीक गडबडींमुळे) ‘०१’ही थोडे येतात. नॉइज न घातलेल्या सिम्युलेटरवर (क्वांटम मशीनची नक्कल करणाऱ्या साध्या प्रोग्रॅमवर) एक जरी आला, तरी चूक तुमचीच.

तुकडे लहान ठेवा ही जुनी शिकवण तर इथे सक्तीचीच. सिम्युलेटरवर ३० क्युबिटची पूर्ण अवस्था साध्या कम्प्युटरच्या मेमरीत ठेवायला १६ जीबी लागतात आणि एकतिसावा घेतला की दुप्पट.

आणि नवखे असताना चुका होतात त्याही साध्याच. एकदा माझ्या सगळ्या टेस्ट हिरव्या आणि मशीनवरचं उत्तर मात्र भलतंच. दोन दिवस नॉइजला शिव्या घातल्या. शेवटी वैतागून तीन क्युबिट घेतले आणि फक्त शून्याव्याला (मोजणी शून्यापासून) एक्स गेट लावलं, म्हणजे ०चा १ केला. मला हवं होतं ‘१००’, आलं ‘००१’. क्विस्किट (मी वापरतो ती क्वांटम प्रोग्रामिंगची लायब्ररी) शून्यावा क्युबिट उजव्या टोकाला छापतं आणि मी डावीकडून वाचत होतो! टेस्टना कळणार कसं? त्या सगळ्या ‘००’ आणि ‘११’वाल्या, म्हणजे ‘चिमा काय कामाची’. कुठूनही वाचा, तेच.

आता प्रत्येक प्रोजेक्टमध्ये माझी पहिली टेस्ट ती तीन क्युबिटची असते. वर कॉमेंट: उजवीकडून वाच रे बाबा.