बेसाल्ट घासून वाचताना

एम.एस्सी. जिऑलॉजीच्या प्रबंधासाठी मी बेसाल्ट निवडला तेव्हा घरच्यांनी आणि मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला, त्यात बघण्यासारखं काय आहे? घराच्या जोत्याला तोच, किल्ल्याच्या तटाला तोच, रस्त्याच्या खडीतही तोच काळा दगड. मला तर तेच बघायचं होतं. साधारण सारख्या शिलारसातून एवढे निरनिराळे दिसणारे दगड कसे होतात? ‘सावकाश थंड झाला तर स्फटिक मोठे, झटकन थंड झाला तर बारीक’ हे शाळेपासून पाठ होतं, पण दगड हातात घेऊन ते वाचता येत नव्हतं. ते आलं थिन सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायचा दगडाचा अगदी पातळ काप, स्वतः करायला लागल्यावर.

नमुने तीन ठिकाणचे होते. मंचर-घोडेगाव भागातला एक बेसाल्ट, ज्यात प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे दोन-तीन सेंटीमीटर लांबीचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. दुसरा नंदुरबारकडच्या एका डाइकचा. तिथे जमिनीच्या भेगांत शिरून थिजलेला शिलारस आता सपाट मुलखात दगडी भिंतीसारखा उभा आहे. तिसरा तुलनेसाठी, नांदेड जिल्ह्यातल्या देगलूरचा ग्रॅनाइट.

डायमंड सॉवर पाण्याच्या धारेखाली दगडाची चकती कापायची आणि तिचा स्लाइडवर मावेल एवढा तुकडा करायचा, हे लवकर जमतं. खरं काम घासण्याचं. काचेच्या प्लेटवर कार्बोरंडम पावडर, वर थोडं पाणी आणि त्यावर तुकडा गोल फिरवत राहायचं. आधी २२० नंबरची भरड पावडर, मग ४००, ६००, १०००. प्रत्येक वेळी प्लेट, तुकडा आणि स्वतःची नखंसुद्धा धुवायची, कारण भरड पावडरचा एक कण मागे राहिला तरी गुळगुळीत झालेल्या बाजूवर ओरखडा उठतो. आमच्या लॅबमधल्या मामांचा या कामातला हात फार मोठा. ते म्हणायचे, “ताई, दाबू नका. नुसतं फिरवत राहा, दगड आपला आपण झिजतो.”

एक बाजू तयार झाली की ती अ‍ॅराल्डाइटने स्लाइडवर चिकटवायची. आत हवेचा बुडबुडा राहिला तर पुढे नेमका तिथेच दगड उचकटतो. मग दुसऱ्या बाजूने कापून पुन्हा घासायचं, जाडी ०.०३ मिलिमीटर होईपर्यंत. एवढा पातळ झाला की काळाकुट्ट बेसाल्टही प्रकाश आरपार जाऊ देतो. जाडी मोजायला मोजपट्टीची गरज नसते. पोलारायझिंग मायक्रोस्कोपखाली क्रॉस निकॉल्समध्ये, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या दोन भिंगांना एकमेकींशी काटकोनात ठेवून बघायचं. प्लॅजिओक्लेज पिवळा किंवा नारिंगी दिसला तर अजून जाड आहे, आणि करडा-पांढरा दिसला की थांबायचं. शेवटचा टप्पा बारीक पावडरवर अगदी हलक्या हाताने करावा लागतो, कारण कडा आधी झिजतात आणि कोपरे बघता बघता नाहीसे होतात.

मंचरकडच्या नमुन्याचा सेक्शन पहिल्यांदा लेन्सखाली सरकवला तेव्हा एकाच स्फटिकाने सगळं दृश्य व्यापलं होतं. त्यावर काळे-पांढरे समांतर पट्टे होते आणि स्टेज फिरवली की पट्ट्यांची अदलाबदल व्हायची. स्लाइड थोडी पुढे सरकवल्यावर त्याची सरळ कड लागली. कडेच्या पलीकडे मात्र अगदी बारीक गर्दी: प्लॅजिओक्लेजच्या काड्या, मधे पायरॉक्सिन या खनिजाचे निळे-जांभळे-पिवळे दाणे, मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे ठिपके आणि कसंही फिरवलं तरी काळीच राहणारी थोडी काच. एकाच दगडात थंड होण्याचे दोन वेग. मोठे स्फटिक जमिनीखाली साचून राहिलेल्या शिलारसात आधीच वाढलेले होते. लाव्हा त्यांना घेऊन वर आला आणि उरलेला रस जमिनीवर पसरून लवकर थिजला.

हे का होतं, ते डाइकच्या सेक्शनांनी पटवलं. मी कडेपासून मध्यापर्यंत ओळीने नमुने घेतले होते. कडेला, जिथे तप्त शिलारस थंड खडकाला टेकला, तिथले कण मायक्रोस्कोपखालीही जेमतेम वेगळे दिसतात. तापमान झपाट्याने उतरलं की एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिक धरतात आणि द्रव घट्ट होत गेल्याने अणूंना लांबचा पल्ला गाठता येत नाही, म्हणून कुणीच मोठं होत नाही. मध्यभागी उष्णता कोंडून राहते, थोडेच स्फटिक धरतात आणि त्यांना वाढायला वेळ मिळतो. तिथे पायरॉक्सिनच्या एकेका मोठ्या दाण्यात प्लॅजिओक्लेजच्या काड्या अडकलेल्या दिसल्या, म्हणजे काड्यांना आधी सुरुवात झाली होती. अशा मध्यम दाण्यांच्या दगडाला डोलेराइट म्हणतात. हाच रस खूप खोल, याहून कितीतरी सावकाश थिजला असता तर मोठ्या दाण्यांचा गॅब्रो झाला असता.

इथे बरेच जण घसरतात. बेसाल्ट सावकाश थंड झाला की ग्रॅनाइट होतो, असं समजतात. तसं होत नाही. बेसाल्टमध्ये सिलिका ४५ ते ५२ टक्के, ग्रॅनाइटमध्ये साधारण ७० टक्के. ग्रॅनाइटचा जोडीदार, म्हणजे तसाच रस लवकर थिजला तर होणारा दगड, रायोलाइट. देगलूरच्या सेक्शनमध्ये क्वार्ट्झ, म्हणजे निव्वळ सिलिकेचा स्फटिक, ठळक दिसला, माझ्या बेसाल्टमध्ये तो नव्हताच. शिलारसातून कोणतं खनिज आधी तयार होतं हे शोधणारे भूवैज्ञानिक नॉर्मन बोवेन यांनी वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेच्या प्रयोगशाळेत सिलिकेट वितळवून, ठरावीक तापमानावर धरून, झटकन थंड करून पाहिलं. ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, कॅल्शियमवाला प्लॅजिओक्लेज ही खनिजं आधी स्फटिक होऊन रसातून बाहेर पडतात. ते वेगळे झाले की उरलेल्या रसात सिलिका वाढत जाते. रसाचं घटकद्रव्य आणि थंड होण्याचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दगडाचं नाव ठरवताना दोन्ही लागतात.

शिलारस मुळात तयार कसा होतो, हे वाचनातून कळलं, पण माझ्या मते ते सगळ्यात विलक्षण आहे. मँटल, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, वितळलेलं नसतं, प्रचंड दाबामुळे ते घन राहतं. तप्त खडक हळूहळू वर सरकला की दाब उतरतो आणि उष्णता न वाढवताही त्याचा काही भाग वितळतो. दख्खनचा बेसाल्ट असा झाला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आज रीयुनियन बेटाखाली असलेल्या उष्ण स्रोताशी जोडला जाणारा. आज उरलेलं क्षेत्रच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. अंदमानच्या बॅरन बेटाचा प्रकार निराळा. तिथे खाली जाणाऱ्या भूपट्टातलं पाणी वरच्या मँटलमध्ये शिरतं आणि त्याचा वितळणबिंदू खाली आणतं.

डाइकचे नमुने घेणार असाल तर एक करा. प्रत्येक तुकड्यावर कडेपासूनचं अंतर जागेवरच मार्करने लिहा आणि कड कुठल्या बाजूला आहे त्याचा बाण काढा. कडेचे तुकडे ठिसूळ असतात, ते वेगळ्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. आणि मधला तुकडा जरा मोठा घ्या, कारण तिथले दाणे मोठे असतात आणि एका स्लाइडवर पुरेसे मावत नाहीत.