आमची वाटचाल : एक लेथ आणि एक वही

आमचे वर्कशॉप आज उभे आहे, त्याचे श्रेय मी यंत्रांना देत नाही. माझा पहिला भागीदार वेगळा झाला तेव्हा त्याने दोन कसलेले टर्नर (लेथ या यंत्रावर धातू कातणारे कारागीर), बहुतेक सगळी गिऱ्हाइके आणि ड्रॉइंगच्या फायलीसुद्धा सोबत नेल्या, आणि वर 'तिथे आता एक घाबरट पोरगा उरला आहे' असे तो सगळीकडे सांगत फिरला. ते वाक्य मला आजही बोचते, कारण त्यात तथ्य होते.

विशीतला तो मुलगा हाताचा चांगला होता; पण प्रत्येक माप घेतल्यावर तो माझ्याकडे येऊन 'बरोबर आहे ना?' असे विचारी, आणि मी मान डोलावल्याशिवाय पुढचा कट घेत नसे. स्वतःवर विश्वास ठेव, असे मी त्याला कितीदा तरी बजावले. विश्वास नेमका कशावर ठेवायचा, हे मात्र मी कधी दाखवले नव्हते.

त्यातच ५० मिलिमीटर व्यासाच्या शाफ्टचा, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्यांचा, अख्खा लॉट परत आला. आमच्याकडे अचूक भरलेले माप गिऱ्हाइकाकडे दोन शतांश मिलिमीटरने कमी भरत होते. काम सोडतो, असे मुलगा म्हणू लागला. वास्तविक दोष माझा होता. शेवटचा कट झाल्याबरोबर, जॉब, म्हणजे कातलेला तुकडा, हाताला चटके देत असतानाच, मी त्याला माप घ्यायला लावत होतो. ५० मिलिमीटरचे पोलाद ४० अंशांनी तापले की व्यास तेवढाच फुगतो आणि थंड झाल्यावर पुन्हा आक्रसतो. त्या नुकसानीत वर्कशॉप बंद पडण्याची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी मी आमचा एकमेव मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचे उपकरण, त्याच्या स्वाधीन केला. आधी शून्य तपासायचे, त्याच्या टोकाच्या रॅचेटनेच (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या मुठीनेच) दाब द्यायचा, थंड जॉब तीन ठिकाणी मोजायचा, आकडा वहीत लिहून खाली स्वतःची सही करायची, आणि मला विचारायचे नाही. टूल ०.१ मिलिमीटर आत गेले की व्यास ०.२ ने घटतो, हा हिशेब त्याला पाठ होता. तरी पहिल्या आठवड्यात त्याने दोन जॉब बाद केले. मी काही बोललो नाही, आणि ते मला फार जड गेले.

पंपांची दुरुस्ती करणारे एक वयस्क गृहस्थ तेवढे आम्हाला सोडून गेले नव्हते. त्यांनी ती वही शांतपणे वाचली आणि मुलाला म्हणाले, 'पुढचा शाफ्टही तुम्हीच करा.' त्याला 'तुम्ही' म्हणणारे ते पहिलेच. त्यानंतरची वर्षे कामात गेली. त्यांत सांगण्यासारखे फारसे नाही.

नोकरीला लागताना ज्यांचे पाय लटपटतात, त्यांना माझे सांगणे आहे की शंका जरूर विचारा, पण आधी आपले उत्तर सांगून मग विचारा. आणि मालकांनो, नवख्याच्या हाती चुकण्याइतके काम द्या.

आता आमची दुसरी पाळी तोच सांभाळतो. परवा एक नवी शिकाऊ मुलगी जॉब घेऊन त्याच्याकडे आली आणि 'बरोबर आहे ना?' म्हणाली. त्याने जॉबला बोट लावून पाहिले आणि तो म्हणाला, 'आधी थंड होऊ दे. मग तूच मला सांग.'