तान्ह्या बाळासोबत प्रवास: दुधाचे तास, कारसीटचे तास

पहिल्या काही महिन्यांत बाळ साधारण दोन-तीन तासांनी दूध मागतं. प्रवासाची आखणी तिथूनच सुरू करायची. चार तासांचा रस्ता असेल तर वाटेत दोन वेळा दूध, दोन-तीन डायपर आणि निदान दोन थांबे धरा, म्हणजे हाताशी सहा तास हवेत. घाई मोठ्यांना असते. बाळाच्या पोटाला गाडीचं वेळापत्रक कळत नाही.

अंगावर पाजणाऱ्या आईचं सामान सगळ्यात कमी. पुढून उघडणारे कपडे आणि एक मोठी ओढणी एवढ्यावर भागतं. दूध काढून न्यायचं असेल तर ताजं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास टिकतं. तापलेल्या गाडीत हा हिशोब चालत नाही. आइसपॅक घातलेल्या थंड बॅगेत ते २४ तास राहतं, पण पॅक बाटलीला टेकलेले हवेत. बॅग उगाच उघडझाक करायची नाही. गोठवलेलं दूध एकदा वितळलं की पुन्हा गोठवू नये. कोमट करायला बाटली गरम पाण्याच्या मगात उभी करावी. मायक्रोवेव्हमध्ये दूध एकसारखं तापत नाही, मधेच एखादा घोट तोंड भाजण्याइतका कढत राहतो.

वरच्या दुधात सर्रास होणारी चूक म्हणजे सकाळीच दिवसभराच्या बाटल्या तयार करून बॅगेत टाकणं. फॉर्म्युलाची, म्हणजे तान्ह्या बाळासाठीच्या डब्यातल्या दुधाची, पावडर निर्जंतुक नसते आणि कोमट दुधात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून पाणी आणि पावडर वेगळी न्यायची: उकळतं पाणी थर्मासमध्ये, प्रत्येक वेळची मोजलेली पावडर छोट्या कोरड्या डब्यांत, उकळून घेतलेल्या बाटल्या झाकण लावून. थर्मासमध्ये आधी गरम पाणी घालून तो तापवून घ्या, मग ते ओतून ताजं उकळतं पाणी भरा. पावडरीतले जंतू मरायला पाणी ७० अंशांच्या वर लागतं. बाटलीत आधी पाणी, मग पावडर. उलट केलं तर पाण्याचं माप चुकतं आणि दूध घट्ट होतं. चमचा सपाट भरायचा, दाबून नाही. बूच लावून हलवा, बाटली गार पाण्यात धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. तयार दूध २ तासांच्या आत संपवायचं आणि बाळाने तोंड लावून उरलेलं असेल ते तासाभरात फेकायचं. जीव तुटतो, पण फेकायचंच. थर्मासचं पाणी तेवढं गरम राहणार नसेल इतका लांबचा प्रवास असेल, तर सीलबंद तयार द्रव फॉर्म्युला बरा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी देऊ नका, दूधच जास्त वेळा द्या. शूवर लक्ष ठेवा. दिवसभरात सहाच्या आसपास ओले डायपर झाले म्हणजे पोटात पुरेसं जातंय. सहा तास डायपर कोरडा, ओठ सुकलेले, टाळू खोल गेलेली दिसली तर प्रवास थांबवून डॉक्टर गाठा.

डायपर दर दोन तासांना एक आणि वर तीन जास्तीचे. ते सुटे टाकण्यापेक्षा झिपच्या पिशव्या भरा: एकीत एक डायपर, चार-पाच वाइप्स, घडी केलेली चटई आणि घाण ठेवायला रिकामी पिशवी. एका हाताने बाळ धरलेलं असताना दुसऱ्या हाताने बॅग उपसावी लागत नाही. शी पाठीवरून वर आली तर बहुतेकदा डायपर लहान पडत असतो किंवा मांडीजवळची झालर आत दुमडलेली असते. ती बोट फिरवून बाहेर काढायची. खांद्यावर दुमड असलेले कपडे घातले असतील तर ते डोक्यावरून न काढता खाली ओढून काढता येतात. ती दुमड त्यासाठीच असते. जास्तीचा एक शर्ट ज्याच्या खांद्यावर बाळ असेल त्याच्यासाठीही ठेवा.

कारसीट म्हणजे गाडीच्या सीटवर बेल्टने बसवायची बाळाची पट्टेवाली खुर्ची. तिच्या बाबतीत मात्र तडजोड नकोच. तान्ह्या बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला हवं, आणि चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर अशी कारसीट कधीही नको. बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवलं तर सीट अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघावेत. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर तो सैल आहे. जाड स्वेटरवर पट्टे आवळले की घट्ट वाटतात, पण धक्का बसताच लोकर दबते आणि बाळ सैल सुटतं. आधी पट्टे लावा, मग वरून दुपटं घाला. दर दोन तासांनी बाळाला बाहेर काढून ढेकर काढा, थोडं आडवं करा. झोपेत हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट दबते, म्हणून मागे कुणीतरी बसलेलं बरं. पोचल्यावर ‘झोपलंय, राहू दे’ म्हणून सीटमध्येच ठेवू नका. उचलून सपाट, टणक गादीवर पाठीवर निजवा, उशी न घेता.

विमानात कान दुखतात ते मुख्यतः उतरताना. ते उतरणं जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी सुरू होतं, म्हणून त्या वेळचं दूध राखून ठेवा. गिळताना कानातला दाब सुटतो. चढतानाच सगळं पाजून टाकलं तर उतरताना बाळ तोंड फिरवतं. सर्दी किंवा कानाचं दुखणं असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

औषधांच्या पिशवीत थर्मामीटर आधी. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप आला तर घरचं औषध न देता लगेच डॉक्टरकडे न्यायचं. मोठ्या बाळाचं तापाचं औषध नेताना थेंब आणि सिरप यांत फरक करा. थेंबांत औषध बरंच दाट असू शकतं आणि सिरपचं माप थेंबांना लावलं की डोस कितीतरी पट होतो. निघण्याआधी बाळाचं वजन करा, डॉक्टरांकडून मिलीलिटरमधला डोस विचारून घ्या आणि वजन, तारीख नि डोस बाटलीवर पट्टी चिकटवून लिहा.