अकराव्या मिनिटाची शिंक

नव्या घरात येऊन चार दिवस झाले असतील. संध्याकाळी बेल वाजली. शेजारच्या काकू. "सुतारकाम अजून किती दिवस चालणार आहे हो तुमच्याकडे?" मी हातोडी घेऊनच दार उघडलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मग त्यांना आत बोलावून तबला दाखवला, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या काठाच्या चामड्याच्या वेणीवर, ठोकून सूर चढवून दाखवला. "रोज करावं लागतं हे?" काकूंचा चेहरा पडला.

इथे दिवसातून दोनदा करावं लागतं. या शहराची हवा दमट. पुडी म्हणजे शेवटी कातडंच, ते ओल धरतं आणि सैल पडतं. रात्री पेटीच्या काळी 4 या सुराला लावलेला तबला सकाळी त्याच्या लगतच्या खालच्या सुराकडे, पांढरी 5 कडे, घसरलेला असतो. मग गजऱ्यावरची 16 घरं, म्हणजे वादीच्या पट्ट्यांमधल्या जागा, फिरत ठोकाठोक. संध्याकाळी नृत्याच्या क्लासला साथीला जाते, तिथे एसी असतो. तिथे तो सुकून चढतो आणि गजऱ्याला खालून ठोकून उतरवावा लागतो. जुन्या शहरातल्या कोरड्या हवेत वाढलेली ही जोडी. तिला इथे करमत नाही असं मी सगळ्यांना सांगते. स्वतःचं काही सांगत नाही.

बाकी ठीक चाललंय. दुपारी दोन मुलं शिकायला येतात, त्यातल्या एकाचा 'तिरकिट' हा बोल छान निघायला लागलाय.

अडतं ते रियाजाला. जुन्या शहरात माझा एक मित्र पेटीवर लेहरा, म्हणजे ताल दाखवणारी तीच ती धून, धरायचा, सलग सात वर्षं. खरं सांगायचं तर त्याची लय काही पक्की नव्हती. माझी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवायचा तुकडा, समेकडे, तालाच्या पहिल्या मात्रेकडे, यायला लागली की तो हळूच चढायचा, आणि मी ओरडायचे, "अरे, पळतोस कुठे?" आता फोनवरच्या ॲपचा लेहरा लावते. तो पळत नाही, रेंगाळत नाही. सम चुकली तरी त्याचं काही बिघडत नाही. तंतोतंत सम गाठली तरी 'क्या बात' म्हणणारं कुणी नाही.

फोनवर एकत्र वाजवून पाहिलं. आवाज पोचायला समजा पाव सेकंद लागला, तर मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत अख्खी मात्रा गेली. विलंबितात, म्हणजे संथ लयीतही तो माझी वाट बघणार, मी त्याची, आणि लय आपली खाली खाली. पाच मिनिटांत दोघंही हसायला लागलो.

शेवटी त्याने तीनतालाचा 20 मिनिटांचा लेहरा रेकॉर्ड करून पाठवला. अकराव्या मिनिटाला त्याला शिंक येते. दणदणीत. पेटीचा भाता थांबतो, अर्धी मात्रा जास्त जाते आणि मग तो काहीच झालं नाही अशा थाटात पुढे जातो. पहिल्यांदा मी तिथे सपशेल पडले. "नवीन करून पाठवू का?" त्याने विचारलं. नको म्हटलं.

आता तिथे बेतून एक तिहाई बसवलीय, शेवटचा 'धा' बरोबर शिंकेवर येतो. परवा क्लासमध्ये तीच तिहाई वाजवली. अर्धी मात्रा थांबले, शिंकेसाठी. मुलींचे पाय तोवर पुढे गेले होते.