एक गैरहजेरी, तीन कारणं

महिन्याचा हजेरीपट बंद करायचा दिवस आमच्या विभागात नेहमीच धावपळीचा असतो. पण 27 जुलै 2020 चा सोमवार अजून जसाच्या तसा आठवतो. 'विनापरवानगी गैरहजर' या शेऱ्याखाली त्या दिवशी जी नावं होती, त्यांतलं एकही कामचुकार माणसाचं नव्हतं. एरवी कधी उशिरासुद्धा न येणारी माणसं होती ती.

त्यांत गोदामातल्या एका सहकारी बाईंचं नाव होतं. संध्याकाळपर्यंत त्यांचे कागद पूर्ण झाले नाहीत, तर जवळजवळ अख्ख्या महिन्याचा पगार बिनपगारी रजेत जाणार होता. मी फोन लावला. "मॅडम, मी सगळं पाठवलंय हो. आणखी काय देऊ?" आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

त्यांनी पाठवलेलं सगळं मी एकामागून एक उघडलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो, कडेला अंगठा आलेला, शिक्का अर्धा कापलेला. आईचा कोविड पॉझिटिव्ह अहवाल. मग त्यांचा स्वतःचा. तारखा ओळीनं लावल्यावर चित्र स्पष्ट झालं. 4 जुलैला आईला ताप आला. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून या शुश्रूषेला थांबल्या. 6 तारखेला आईचा अहवाल आला आणि त्या निकट संपर्कातल्या ठरल्या. तब्येत ठणठणीत असूनही बाहेर पडायची सोय राहिली नाही. 12 तारखेला त्यांनाच खोकला आणि ताप सुरू झाला.

म्हणजे गैरहजेरी एकच, पण कारणं तीन: आधी घरच्यांची काळजी, मग विलगीकरण, मग स्वतःचं आजारपण. आमच्या अर्जात मात्र कारणाला एकच रकाना होता आणि रुग्णाशी नातं लिहायला जागाच नव्हती. त्यांनी 'आजारपण' लिहिलं, तर पहिल्या दिवसांचं वैद्यकीय प्रमाणपत्र नाही म्हणून अर्ज परत. 'घरगुती कारण' लिहिलं, तर पूर्वपरवानगी नाही म्हणून परत. खरं लिहिणाऱ्या माणसाला खोटं ठरवणारा अर्ज होता तो, आणि मला त्याची मनापासून चीड आली.

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. कामावर रुजू होण्यासाठी आमच्याकडे चोवीस तासांच्या अंतरानं केलेल्या दोन चाचण्या निगेटिव्ह लागत. साथीच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाच तसा होता, तिथूनच नियम उचललेला. पण 27 मे रोजी संघटनेनं तो बदलला होता. लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस, आणि त्यापुढे किमान तीन दिवस लक्षणांशिवाय गेले, की पुन्हा चाचणी न करताही विलगीकरण संपवता येतं, असं त्यात म्हटलं होतं. कारणही सरळ आहे. आरटी-पीसीआर ही कोविडची चाचणी विषाणूचे जनुकीय अंश पकडते. ते अंश जिवंत विषाणूचे आहेत की नाहीत, हे सांगत नाही. बरा झालेला माणूस काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. बाईंना 20 तारखेपासून काहीच त्रास नव्हता, 25 ला त्यांची मुदतही भरली होती. आणि 24 ला स्वतःच्या खर्चानं केलेली चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह! नोकरी आणि पगार दोन्ही त्या एका कागदावर अडकलेले.

मी एका पानाची टिपणी तयार केली, तारखांचा तक्ता आणि संघटनेची मार्गदर्शक सूचना जोडली आणि साहेबांपुढे ठेवली. "उद्या सगळेच असं सांगायला लागले तर?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "साहेब, कागद मिळत नाही म्हणून कोणी ताप अंगावर काढून कामावर आलं, तर अख्खं गोदाम बंद ठेवावं लागेल." ते बराच वेळ तक्ता पाहत राहिले. मग आजारपणाचे दिवस त्यांनी तिथंच मंजूर केले आणि निगेटिव्ह अहवालाची अट काढली. शुश्रूषेच्या आणि विलगीकरणाच्या दिवसांवर मात्र 'वरिष्ठांकडे पाठवा' असा शेरा आला.

ते दिवस त्या महिन्यात कापलेच गेले. बाईंना फोन करून हे सांगणं मला फार जड गेलं. वरून मंजुरी आली ती ऑगस्टमध्ये. फरकाची रक्कम त्या पगारात जमा झाली आणि नव्या अर्जात कारणांसाठी तीन ओळी, नात्याचा रकाना आणि सुरुवातीच्या दिवसांसाठी स्वयंघोषणापत्र आलं. अहवाल विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची पद्धतही तेव्हाच बंद केली. कोणाला काय झालंय, हे सगळ्या विभागानं वाचायचं कारण नव्हतं.