माद्रिदचे दुरो आणि सेगोव्हियाची टांकसाळ

माद्रिदच्या प्लाझा मायोर चौकात दर रविवारी सकाळी कमानींखाली नाण्यांचा आणि टपाल तिकिटांचा बाजार भरतो. सोल मेट्रो स्थानकावरून चालत पाच मिनिटं. दुपारी दोनच्या सुमाराला टेबलं आवरायला लागतात, त्यामुळे दहाच्या आत पोचलेलं बरं. त्याच दिवशी जवळच रास्त्रोचा जुना बाजारही असतो. फिरायला मजा तिथेच, पण नाणी घ्यायची तर इथे. खिशातला वजनकाटा बाहेर काढला तर इथले विक्रेते सहसा तोंड वाकडं करत नाहीत. जो करतो, त्याच्याकडून काही घेऊ नये.

सोबत तीन वस्तू हव्यातच: दहापट भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आणि व्यास मोजायला प्लास्टिकचा व्हर्नियर. लोखंडी व्हर्नियरने कडेला ओरखडा गेला तर नाणं आपल्याच गळ्यात पडतं.

सुरुवात दुरोपासून करावी. दुरो म्हणजे पाच पेसेतांचं चांदीचं नाणं: २५ ग्रॅम, ३७ मिलिमीटर, ९०० टंच (हजारात नऊशे भाग चांदी). ऑक्टोबर १८६८ मध्ये पेसेता हे स्पेनचं चलन ठरलं. तेव्हा राणी इसाबेल परागंदा झाली होती आणि गादीवर कुणीच नव्हतं, मग नाण्यावर चेहरा कुणाचा घालायचा? खोदकाम करणाऱ्या लुइस मार्किओनीने रोमन सम्राट हेड्रियनच्या नाण्यांवरची हिस्पानिया, म्हणजे स्त्रीच्या रूपातला स्पेन देश, उचलली. १८७० च्या दुरोवर ही बाई रेलून बसली आहे, हातात ऑलिव्हची फांदी, पाठीशी पिरेनीज पर्वत, पायाशी जिब्राल्टरचा खडक. अख्खा देश एका बैठकीत बसवलाय. माझ्या मते पेसेताच्या सबंध काळात याहून चांगलं चित्र निघालं नाही.

आता भिंग लावून वर्षाच्या दोन्ही बाजूंचे बारके तारे बघायचे. मोठ्या अक्षरातलं वर्ष ठशाच्या नमुन्याचं असतं, नाणं खरोखर कधी पाडलं ते ताऱ्यांच्या पोटात लिहिलेलं असतं: एकात १८, दुसऱ्यात ७०. हे आकडे इतके उथळ असतात की वापरात सगळ्यात आधी तेच झिजतात. चेहरामोहरा सुरेख पण तारे कोरे, अशा नाण्याला चांदीपेक्षा फार भाव देऊ नये. १८६९ चा दुरो अत्यंत दुर्मीळ आहे, म्हणून ताऱ्यात ६९ वाचता आलं तर आनंदाच्या आधी संशय यायला हवा. तारे वापरायची ही रीत पुढे हुकूमशहा फ्रँकोच्या काळातही चालू राहिली. १९५७ साल छापलेल्या तांबं-निकेलच्या पाच पेसेतांवर ताऱ्यात ५८ पासून ७५ पर्यंतचे आकडे सापडतात. ही नाणी अगदी स्वस्तात मिळतात, आणि तारे वाचायची सवय लावायला याहून चांगला अभ्यास नाही.

तेराव्या अल्फोन्सोचे दुरो तर ओळीने लावून बघावेत. हा जन्मतःच राजा झाला (१८८६), आणि टांकसाळीला त्याच्या वाढीबरोबर ठसे बदलावे लागले. आधी टकलू बाळ, मग कुरळ्या बटांचा मुलगा, मग पुढे केसांचा तुरा काढलेला पोरगा. विक्रेतेही त्यांना तसंच म्हणतात: पेलोन, बुक्लेस, तुपे.

इथेच सगळ्यात अवघड बनावट नाणी भेटतात, सेव्हियानो दुरो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदी इतकी घसरली, की दुरोमधल्या चांदीची किंमत दर्शनी किमतीपेक्षा बरीच कमी झाली. मग लोकांनी खऱ्या चांदीचेच खोटे दुरो पाडायला घेतले. १९०८ मध्ये सरकारला ते बाजारातून मागे घ्यावे लागले. वजन बरोबर, टंच बरोबर, आवाजही बरोबर. त्यामुळे काटा इथे कामाचा नाही. खात्रीचं नाणं शेजारी ठेवून अक्षरांची ठेवण, केसांच्या रेषा आणि ढालीवरचा सिंह ताडून बघणं, एवढाच उपाय.

मेक्सिकोत पाडलेला आठ रेआलांचा (रेआल हे पेसेताआधीचं स्पॅनिश चलन) कोलुम्नारियो, म्हणजे खांबवाला रुपेरी सिक्का (१७३२ ते १७७२), मात्र काट्यावर पकडता येतो. समुद्राच्या लाटा, त्यावर मुकुट घातलेले पृथ्वीचे दोन गोल आणि दोन्ही बाजूंना हर्क्युलिसचे खांब. राजाचा चेहराच नाही, तरी एवढा दिमाख. वजन २७.०७ ग्रॅम, व्यास साधारण ३९ मिलिमीटर. वापरलेलं नाणं २६.५ च्या पुढे असलं तर ठीक. त्यानंतर कड बघायची. कडेवरची पानांची नक्षी दोन पट्ट्यांमध्ये नाणं फिरवून उमटवत, त्यामुळे समोरासमोर दोन ठिकाणी तिचा सांधा चुकलेला किंवा एकावर एक चढलेला दिसतो. सगळीकडे एकसारखी नक्षी किंवा मधोमध ओतकामाची बारीक रेघ दिसली, तर नाणं परत करावं. काहींवर चिनी सराफांनी पारखून ठोकलेले छोटे शिक्के असतात. पुष्कळ संग्राहक ती टाळतात. मला तीच जास्त बोलकी वाटतात.

शंका उरलीच तर पाण्याची परीक्षा. काट्यावर ग्लासभर पाणी ठेवून आकडा शून्यावर आणायचा. नाणं दोऱ्याने पूर्ण बुडवायचं, तळाला किंवा बाजूला टेकू द्यायचं नाही. जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागायचं. या चांदीचं उत्तर १०.३ च्या आसपास येतं, तांबं-निकेलचं ८.९ च्या. नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटला तर आकडा वाढतो आणि अस्सल नाणंही खोटं ठरतं, म्हणून बुडवल्यावर हलकेच झटकून पुन्हा वाचायचं. हे सगळं चौकात होत नाही. महागडं नाणं असेल तर परत घेण्याची अट पावतीवर लिहूनच घ्यावी.

दुसऱ्या दिवसासाठी सेगोव्हिया. माद्रिदच्या चामार्तिन स्थानकातून वेगवान गाडीने अर्धा तासही लागत नाही, मात्र स्थानक गावाबाहेर आहे. तिथून ११ नंबरची बस थेट रोमन जलसेतूपाशी सोडते. जलसेतू बघून झाला की उतरत एरेस्मा नदीकाठी जायचं. तिथे दुसऱ्या फिलिपने १५८३ मध्ये उभारायला घेतलेली टांकसाळ आहे. (१५८० पासून हाच पोर्तुगालचा, म्हणजे गोव्याचाही राजा.) आराखडा एस्कोरियलचा राजवाडा-मठ बांधणाऱ्या हुआन दे एरेराचा, यंत्रं आणि कारागीर ऑस्ट्रियातल्या टायरोलमधल्या हाल गावचे. पाणचक्क्यांवर लाटण्या फिरत, लाटण्यांवर नाण्यांचे ठसे ओळीने कोरलेले. मधून चांदीची पट्टी जाई आणि मग त्यातून नाणी कापत. म्हणूनच इथली नाणी किंचित वाकडी आणि लंबगोल असतात. पपईच्या फाकेसारखा तो बाक दोष समजू नये, उलट ती खूण आहे. अगदी सपाट ‘लाटणीचं’ नाणं कुणी दाखवलं तर दहादा विचार करावा.

सेगोव्हियाचं चिन्ह म्हणजे तोच जलसेतू, नखाएवढा. ठशागणिक कमानींची संख्या बदलते. चांदीत हे चिन्ह खिशाला परवडत नाही, पण तिसऱ्या आणि चौथ्या कार्लोसची तांब्याची आठ माराव्हेदींची (हे जुनं किरकोळ चलन) नाणी त्याच चिन्हासह सहज मिळतात. तीच घ्या. तपकिरी, एकसारख्या रंगाची निवडा. हिरवी भुकटी सुटणारं, कळकलेलं नाणं नको. आणि घरी आणून चिंचेने घासू तर मुळीच नका. रंग गेला की भाव गेला. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांमुळेही नाण्यावर चिकट हिरवा थर चढतो. तो ॲसिटोनने निघतो, तरी आधीच मायलरची (पारदर्शक प्लास्टिकची) खिडकी असलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटी वापराव्यात.

शेवटचं कायद्याचं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू स्पेनबाहेर न्यायला परवाना लागू शकतो, तेव्हा खरेदी करतानाच विचारून पावती घ्या. आपल्याकडेही शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं. त्यामुळे अदलाबदलीसाठी घरून शिवराई घेऊन जायचा विचार असेल, तर तो सोडून द्या.